दोन बेटे आणि हिंगोली

अंदमानातील पोर्ट ब्लेअरचा विमानतळ आणि लक्षद्वीपमधील अगत्तीचा विमानतळ यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे २,२४० किलोमीटर आहे. हिंगोली जिल्ह्यातील माणसाला हा आकडा पाठ असण्याचे वास्तविक काही कारण नाही. आमच्या जिल्ह्याला विमानतळ नाही. समुद्र तर कोणत्याही दिशेने गेले तरी शेकडो किलोमीटर दूर. तरीही गेली अडीच वर्षे ही दोन नावे आमच्या घरात परभणी-नांदेडइतक्याच सहजतेने उच्चारली जात आहेत.

त्याचे असे झाले. आमचे चिरंजीव एका राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी आहेत. जून २०२२ मध्ये त्यांना बढती मिळाली आणि बढतीच्या जोडीला पोर्ट ब्लेअरची बदली आली. पुढे वर्षभराने त्यांच्याच तुकडीतला, प्रशिक्षणकाळात एका खोलीत राहिलेला मूळचा सांगलीकडचा मित्र अगत्तीच्या शाखेत रुजू झाला. एक बंगालच्या उपसागरात, दुसरा अरबी समुद्रात. दोघांचे रोज फोनवर बोलणे होई. एके दिवशी त्या मित्राने मलाच विचारले, “काका, तुम्ही हिशेबाचे माणूस. आमच्या दोन बेटांमधून थेट विमान असते तर किती वेळ लागला असता?”

निवृत्त बँक अधिकाऱ्याला आकडेमोडीचे निमित्तच हवे असते. नातवाचा शालेय नकाशासंग्रह काढला. पोर्ट ब्लेअरचा रेखांश साधारण ९२ अंश ४४ मिनिटे, अगत्तीचा ७२ अंश ११ मिनिटे. फरक २० अंश ३३ मिनिटांचा. दोन्ही ठिकाणे विषुववृत्ताच्या उत्तरेस जवळजवळ सारख्याच, म्हणजे अकरा अंशांच्या आसपासच्या अक्षांशावर आहेत, ही मोठी सोय. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. उत्तरेकडे सरकावे तसे हे अंतर आक्रसत जाते आणि अकरा अंशांवर ते १०९ किलोमीटरच्या आसपास उरते. साडेवीसाला एकशे नवाने गुणा, २,२४० येतात. नंतर गोलीय त्रिकोणमितीच्या सूत्रानेही पडताळून पाहिले. उत्तर तेच आले, याचा आनंद शिल्लक जुळल्यावर रोखपालाला होतो तसाच झाला.

आता वेळ. मोठे जेट विमान ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास जाते. चढण्या-उतरण्याचा वेळ धरून सव्वातीन तास पुरावेत. मी तसे कळवलेही. पण चिरंजीवांनी लगेच चूक दाखवली. पोर्ट ब्लेअरची धावपट्टी सव्वातीन किलोमीटरहून थोडी अधिक लांब आहे. तेथे मोठी विमाने उतरतात. अगत्तीची धावपट्टी मात्र बाराशे मीटरच्या आसपास आहे. तेथे जेट उतरू शकत नाही, पंख्याचे एटीआर विमानच जाते. बरे, एटीआरनेच जावे म्हटले तर ते साधारण ताशी पाचशे किलोमीटर वेगाचे, आणि प्रवासी भरले असता एका दमात पंधराशे किलोमीटरच्या आसपासच जाणारे. म्हणजे जे विमान एवढा समुद्र ओलांडू शकते ते अगत्तीत उतरू शकत नाही, आणि जे अगत्तीत उतरू शकते ते एवढा समुद्र ओलांडू शकत नाही. माझे सव्वातीन तास कागदावरच राहिले.

कागदावर राहिलेला प्रवास आमच्या घराला नवा नाही. १९९४ मध्ये माझी स्वतःची बढती अशीच पोर्ट ब्लेअरच्या वाटेवर अडली होती. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. वडिलांना अर्धांगवायू होऊन आठ महिने झाले होते. आदेश हाती पडला त्या रात्री मी एका चिठ्ठीवर मार्ग लिहून काढला : हिंगोलीहून मीटरगेज गाडीने पूर्णा, तेथून सिकंदराबाद, तेथून मद्रास. मद्रासहून विमान आठवड्यातून मोजक्याच दिवशी, आणि त्याचे भाडे स्वतःच्या खिशातून वरचेवर भरणे मला झेपणारे नव्हते. जहाजाला तीन दिवस. तेही महिन्यातून काही वेळाच सुटणारे. जहाज नेमके मिळाले तरी पाच दिवस, चुकले तर दहाही. वडिलांचे काही बरेवाईट झाले तर मी कोणत्या दिवशी पोहोचेन, एवढाच प्रश्न त्या चिठ्ठीत होता. दुसऱ्या दिवशी मी बढती नाकारल्याचे पत्र दिले. पुढची बढती काही वर्षे लांबली आणि माझ्या हाताखाली शिकलेले दोघे माझे वरिष्ठ झाले. वडील त्यानंतर नऊ वर्षे जगले. ते जगले याचा आनंदच आहे. परंतु त्या चिठ्ठीतला हिशेब चुकला होता हेही खरे.

म्हणून २०२२ मध्ये चिरंजीवांनी “बाबा, काय करू?” असे विचारले तेव्हा मी उत्तर दिले नाही. उत्तर माझ्या आईने दिले. तिचे वय तेव्हा नव्वद होते. ती म्हणाली, “तुझा बाप राहिला. तू तरी जा.”

तो गेला. पुढच्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, रात्री साडेनऊला आई गेली. पाच मिनिटांत त्याला फोन केला. त्या रात्री तेथून विमान नव्हते. सकाळी साडेनऊला चेन्नईचे विमान, सव्वादोन तासांचा प्रवास. मग हैदराबादच्या विमानाची वाट. ते सव्वा तासाचे. पुढे भाड्याची मोटार, साडेतीनशे किलोमीटर, सात तास. दारात मोटार उभी राहिली तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. पंचवीस तासांची तेरीज मी नंतर मांडली : साडेतीन तास आकाशात, सात तास रस्त्यावर आणि साडेचौदा तास केवळ वाट पाहण्यात.

आईचे अंत्यसंस्कार आम्ही सकाळी दहालाच उरकले होते. ‘माझ्यासाठी कोणाला थांबवू नका, देह ताटकळत ठेवू नका’ असे तिने अनेकदा सांगून ठेवले होते, आणि आपल्याकडची रीतही तीच. चिरंजीवांनी तक्रार केली नाही. आजीच्या पलंगाजवळ काही वेळ बसून राहिले. जाताना मात्र एवढेच म्हणाले, “एक दिवस थांबला असतात तर?” मी आईच्या इच्छेचे कारण सांगितले. कारण खरे होते. पण निर्णय माझा होता, आणि तो योग्य होता का, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

त्यानंतर सौ.ने एकच धोशा लावला : मुलगा राहतो ती जागा पाहायची. जानेवारी २०२५ मध्ये आम्ही निघालो. हिंगोली डेक्कन स्थानकावरून काचीगुड्याची गाडी आणि हैदराबादहून विमान. हिंगोली ते पोर्ट ब्लेअर सरळ रेघ १,८९० किलोमीटरच्या जवळपास भरते. चिठ्ठीतले पाच दिवस आता दीड दिवसावर आले आहेत. नर्सीचे नामदेव महाराज पंजाबात घुमानपर्यंत पायी गेले. त्यांच्या जिल्ह्यातील माणसाने दीड दिवसाबद्दल कुरकुर करू नये.

शहराचे नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम झाले आहे. लोकांच्या तोंडी अजून पोर्ट ब्लेअरच आहे, म्हणून मीही तेच लिहितो. विमानतळाला स्वातंत्र्यवीर सावरकरांचे नाव आहे. नवी टर्मिनल इमारत जुलै २०२३ मधली, पांढरीशुभ्र. धावपट्टी मूळची नौदलाच्या तळाची. सेल्युलर जेलमध्ये मराठी माणूस मान खाली घालूनच फिरतो. सावरकर ४ जुलै १९११ रोजी ‘महाराजा’ नावाच्या आगबोटीने येथे आणले गेले. थोरले बंधू बाबाराव त्याआधीच येथे होते. एकाच तुरुंगाच्या भिंतींत असूनही दोघा भावांची भेट बराच काळ होऊ दिली गेली नाही. मध्यवर्ती मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे पसरलेल्या या इमारतीत प्रत्येक कोठडीचे दार पुढच्या इमारतीच्या पाठीकडे उघडते, समोरासमोर नाही. दोन माणसांमधले अंतर कसे बांधून काढता येते, हे तेथे गजांना हात लावून पाहावे.

पहिल्याच दिवशी सौ.ची गडबड उडाली. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याचा तिचा नियम चाळीस वर्षांचा. हिंगोलीत जानेवारीच्या मध्याला सूर्य सहाच्या थोडा पुढे मावळतो. त्या अंदाजाने ती साडेपाचला स्वयंपाकाला उभी राहिली आणि खिडकीबाहेर पाहते तो काळोख. तेथे त्या दिवसांत सूर्य सव्वापाचलाच मावळतो आणि पहाटे पावणेसहाच्या आत उगवतो. घड्याळ सबंध भारताचे एकच, पण ते ८२ अंश ३० मिनिटे रेखांशाला बांधलेले. दर अंशामागे चार मिनिटे या हिशेबाने पोर्ट ब्लेअरचा सूर्य त्या घड्याळाच्या चाळीस मिनिटे पुढे चालतो. त्या संध्याकाळी ती उपाशी राहिली. दुसऱ्या दिवसापासून दुपारी चारला चूल पेटू लागली, आणि बँकेतून सहाला येणाऱ्या मुलाला आईबरोबर जेवता येईना. अडीच वर्षे तो रात्रीच जेवत होता हेही तेव्हाच उघड झाले. सौ. काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तो दुपारी चारला डबा घ्यायला घरी आला.

अगत्तीच्या मित्राने परवान्याची व्यवस्था करून ठेवली होती. लक्षद्वीपला जाण्यास भारतीयालाही प्रवेश-परवाना लागतो. चिरंजीवांनी चार दिवस रजा काढली. ज्या अंतराचा मी कागदावर हिशेब केला होता ते आता आमच्या गुडघ्यांना मोजायचे होते.

सकाळी सातला घर सोडले. दुपारी बाराच्या सुमारास चेन्नई. विमान उतरताना उजवीकडे की डावीकडे ते आता आठवत नाही, पण सेंट थॉमस माउंटची टेकडी दिसली. १८०२ मध्ये विल्यम लॅम्ब्टनने भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीची पहिली पायारेषा तिच्या पायथ्याशी मोजली होती. साखळ्यांनी जमीन मोजत निघालेला तो माणूस जानेवारी १८२३ मध्ये आपल्या विदर्भात, हिंगणघाटला वारला. त्याचे थडगे तेथे आहे. ज्या मोजणीच्या जोरावर मी घरबसल्या दोन बेटांमधले अंतर काढले तिचा आरंभ या टेकडीशी झाला, हे मी सौ.ला उत्साहाने सांगितले. तिचे लक्ष सामानाच्या पट्ट्याकडे होते.

संध्याकाळच्या विमानाने कोची. रात्र तेथेच काढणे भाग, कारण अगत्तीचे विमान सकाळी. कोचीचा विमानतळ २०१५ पासून संपूर्णपणे सौर ऊर्जेवर चालतो. पॅनेलांचे शेत पाहून आमच्या भागातील विजेच्या भारनियमनाची आठवण झाली. दुसऱ्या दिवशी एटीआर. सुमारे ४६५ किलोमीटर, दीड तासाच्या आत. शेवटी विमान खाली झुकले तेव्हा निळ्या पाण्यात कोणी पट्टी ठेवून रेघ मारावी तशी धावपट्टी दिसली. दोन्ही बाजूंना समुद्र, आणि त्या रेघेपुढे माडांची एक लांबट ओळ. तेच अगत्ती. लांबी सात-साडेसात किलोमीटर, रुंदी अगदी मोठ्या ठिकाणी किलोमीटरभर. ब्रेक लागले तेव्हा सौ.ने माझे मनगट धरले होते.

घर सोडल्यापासून अठ्ठावीस तास झाले होते. येथे मला एक गोष्ट उमगली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. पोर्ट ब्लेअर-चेन्नई १,३७०, चेन्नई-कोची ५२०, कोची-अगत्ती ४६५ : बेरीज २,३५५ किलोमीटर. सरळ रेघ २,२४०. म्हणजे एवढ्या वळशात जादा अंतर केवळ सव्वाशे किलोमीटरच्या आत, हिंगोलीहून नांदेड गाठून थोडे पुढे जावे इतके! आम्ही जवळजवळ सरळच आलो होतो. प्रत्यक्ष उडण्याचा वेळ पाच तास. बाकीचे तेवीस तास रांगा, खुर्च्या, सुरक्षा-तपासणी आणि एक रात्र. आईच्या वेळी चिरंजीवांच्या वाट्याला आलेले साडेचौदा तास अशाच खुर्च्यांवर गेले असणार. हे मला कागदावर कळले होते. त्या खुर्च्यांवर स्वतः बसल्यावर अधिक कळले.

अगत्तीचे लोक मल्याळमशी नाते सांगणारी जेसेरी बोली बोलतात. वस्ती मुस्लिम आहे, उपजीविका चुरा मासा आणि नारळ यांवर. आमच्या जेवणाचे काय, ही धास्ती होती. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी भरपूर नेली होती. शेजारच्या घरातील बाईंनी आम्हाला मासे चालत नाहीत हे कळल्यावर वेगळ्या भांड्यात भात शिजवला, खोबरे किसले आणि दुसऱ्या दिवसापासून काही न विचारता तेच केले. भाषा एकही सामाईक नव्हती. सौ. त्यांच्याशी मराठीत बोलत होती आणि त्या उत्तर देत होत्या.

त्या संध्याकाळी किनाऱ्यावर बसून सौ. सहा वाजता निवांत जेवली. येथे सूर्य साडेसहानंतरच मावळतो. पोर्ट ब्लेअरपेक्षा एक तास बावीस मिनिटांनी उशिरा. सूनबाईंना फोन लावला. तिकडे रात्र पडून तास होत आला होता, नातवाचा अभ्यास दिव्याखाली चालू होता. “आजी, तुमच्याकडे अजून ऊन आहे?” त्याने दोनदा विचारले. सौ.ने फोन उंच धरून त्याला सूर्य दाखवला. दोघे मित्र बाजूला पाण्यात पाय सोडून बसले होते. प्रशिक्षणानंतर त्यांची ही पहिलीच भेट. दीड वर्ष रोज बोलूनही त्यांना एकमेकांशी काय बोलावे हे पहिला तासभर सुचत नव्हते.

परतल्यावर फेब्रुवारीत आम्ही शिरड शहापूरला मल्लिनाथ भगवंतांचे दर्शन घेऊन औंढ्याकडे गेलो. तेथे जवळच दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. काटकोनात दोन भुजा, प्रत्येक चार किलोमीटर लांब. अमेरिकेत अशा दोन वेधशाळा आहेत, एकमेकींपासून सुमारे तीन हजार किलोमीटरवर. १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या मीलनाची लहर एकीला लागली आणि सुमारे सात सहस्रांश सेकंदांनी दुसरीला. या एवढ्याशा विलंबावरून ती आकाशाच्या कोणत्या अंगाने आली याचा अदमास घेता येतो. पण दोनच ठिकाणांवरून तो फार मोघम राहतो. इटली आणि जपानमध्येही वेधशाळा आहेत, आणि दूरवर आणखी एक असली की दिशा अधिक नेमकी ठरते. जागाही जमिनीचा कंप कमी, वर्दळ कमी अशीच हवी. आमच्या जिल्ह्याचे आडबाजूला असणे कोणाच्या कामी येईल असे मला उभ्या आयुष्यात वाटले नव्हते. मी मुलाला फोनवर म्हणालो, अशी लहर पोर्ट ब्लेअरहून थेट अगत्तीकडे गेली तर तिलाही साडेसात सहस्रांश सेकंदच लागतील. तो हसला आणि म्हणाला, “बाबा, त्या रात्री तुमचा फोनही तेवढ्यातच आला होता.”

त्यांची तीन वर्षे येत्या जूनमध्ये पुरी होतील. पुढची बदली कोठे, ते अजून ठरलेले नाही. १९९४ ची माझी चिठ्ठी जुन्या रोजनिशीत आहे. तिच्या शेजारी, कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने, सौ.ने आता दुसरी लावली आहे : पोर्ट ब्लेअरहून सकाळचे पहिले विमान, चेन्नईहून हैदराबादची तीन विमाने, काचीगुड्याची गाडी, हैदराबादच्या एका मोटारवाल्याचा क्रमांक. विमानांची वेळापत्रके मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. त्या रविवारी चिरंजीवांचा फोन येतो, ते वेळा सांगतात, आणि ती जुन्या वेळा खोडून नव्या पेन्सिलीने लिहिते.